रडारच्या डोळ्यावरची पट्टी

"साहेब, तुम्ही खोटं बोललात! धडधडीत खोटं! रडारला दिसलं नाही म्हणजे आकाशात काही नव्हतंच, असं कुठल्या तोंडानं सांगता? माझ्या ताईनं ते ड्रोन स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय!"

भिंगरीनं बोट रोखलं होतं, ते दाराला लटकवलेल्या पांढऱ्या शर्टावर. शर्ट ताईच्या गणवेशाचा होता आणि नाटकातल्या साहेबांचं काम करत त्याच्यामागं उभा होता वकील. वकील म्हणजे भिंगरीचा मावसभाऊ. कुणाशी वाद घातल्याशिवाय त्याला जेवण पचत नसे, म्हणून वकील.

"हळू बोल, मुली!" शर्टाच्या बाहीत हात घालून त्यानं तो नसलेल्या मिशीवरून फिरवला. "आमच्या रडारला डासाच्या मिशासुद्धा दिसतात! ते म्हणतं नव्हतं, म्हणजे नव्हतं! विषय संपला! चहा आणा!"

"मी आणू?" कोपऱ्यातून शेपूट म्हणाली. ही वकीलाची धाकटी बहीण. भिंगरी आणि वकील जिथं जातील तिथं मागोमाग हजर, म्हणून शेपूट.

"अगं, खरा चहा नाही! तालीम चाललीय!"

"मग मलापण काम द्या! मी हेलिकॉप्टर होते!"

"हेलिकॉप्टर नको," भिंगरीनं रोखलेलं बोट खाली घेतलं. "त्याच्यावरूनच सगळं झालंय."

तालीम होती, पण गंमत नव्हती. भिंगरीची ताई हवाई रुग्णवाहिका चालवायची. डोंगरापलीकडच्या वस्त्यांमधून, जिथं गाडी पोचायला अर्धा दिवस जातो तिथून, आजारी माणसांना उचलून शहराजवळच्या केंद्रात आणायचं, हे तिचं काम. मागच्या आठवड्यात ती एका बाळंतिणीला घेऊन खाली उतरत होती. तेवढ्यात चार पंख्यांचं एक यंत्र काचेसमोरून सूं करून गेलं! ताईनं हेलिकॉप्टर वळवलं म्हणून सगळे वाचले. खाली मात्र ते धाडकन आदळलं आणि त्याचा एक पाय वाकला. बाळ-बाळंतीण सुखरूप होती. त्या बाईनं ताईचा हात धरून आभार मानले.

आणि केंद्राच्या साहेबांनी काय केलं? ताईच्या छातीवरचा बिल्ला काढून घेतला! 'रडारवर काहीही नव्हतं. चूक पायलटची.' बस्स! पाण्याच्या टाकीवर बसवलेलं ते रडार म्हणजे साहेबांचा जीव की प्राण. लहान ड्रोनसुद्धा पकडतं, अशी त्याची सगळीकडे जाहिरात झाली होती. आता रडार चुकलं म्हटलं तर कौतुकाचे हार उतरवावे लागतील. त्यापेक्षा पायलटच्या माथी खापर फोडणं सोपं! अशी मोठी माणसं तुम्हीही पाहिली असतील. खुर्चीत बसल्यावर त्यांची मान फक्त वरच्या माणसाकडे वळते.

परवा चौकशी होती. चौकशीत ताई दोषी ठरली, तर तिचा परवाना जाणार होता. कायमचा!

सुट्टीला आलेली ही तिघं ताईच्याच क्वार्टरमध्ये राहत होती. ताई स्वयंपाकघरात हेल्मेटची काच पुसत होती. काच केव्हाच लख्ख झाली होती, तरी ती पुसतच होती.

"शर्टाला काय दम देताय?" ती आतून म्हणाली. "त्या शर्टाला सगळं खरं माहितीये. तो मी घातला होता त्या दिवशी!"

---

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं केंद्राच्या हॉलमध्ये जाऊन बसली. हॉलच्या एका टोकाला काचेची खोली होती. तिथं ऑपरेटर काका रडार सांभाळायचे. आणि बाहेर भिंतीवर, पाहुण्यांनी 'अरे वा!' म्हणावं म्हणून, साहेबांनी एक मोठा पडदा लावला होता. आत जे दिसायचं, तेच त्याच्यावर दिसायचं.

"काका, हे हिरवे ठिपके कसले?" भिंगरीनं काचेवर टकटक केली.

"पक्षी!" काका बिस्किट बुडवत म्हणाले. "रडार हाक मारतं, आकाशातल्या वस्तूवर आपटून प्रतिध्वनी परत येतो. कावळा आणि छोटं ड्रोन, दोघांचा प्रतिध्वनी एवढूसाच. पण कावळा पंख सावकाश मारतो, ड्रोनचे पंखे गरागरा फिरतात. प्रतिध्वनीची थरथर वेगळी येते. पक्षी वाटला तर हिरवा ठिपका, ड्रोन वाटलं तर लाल! आणि लाल आला की भोंगा! कळलं? आता पळा!"

"भोंगा शेवटचा कधी वाजला?" वकीलानं विचारलं.

काकांचं बिस्किट तुटून चहात पडलं. "पळा म्हटलं ना!"

दोघं पडद्यासमोर येऊन बसली. तळ्याच्या बाजूला हिरव्या ठिपक्यांची नुसती गर्दी. शेतांच्या बाजूलाही तुरळक ठिपके. ताईला ड्रोन दिसलं ती बाजू मात्र स्वच्छ होती. घासून धुतलेल्या ताटासारखी!

शेपूट खिडकीच्या कट्ट्यावर चढून बाहेर बघत होती. "बाई गं, केवढ्या घारी!"

"खाली उतर, पडशील."

"अगं पण बघ ना! त्या कचऱ्याच्या डोंगरावर! गोल गोल! एक, दोन, पाच... मोजताच येत नाहीयेत!"

"शेपूट, आम्ही विचार करतोय. मध्ये मध्ये..." वकील थांबला. त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. मग पडद्याकडं. मग परत खिडकीबाहेर. "भिंगरे... कचऱ्याचा डोंगर कुठल्या बाजूला आहे?"

भिंगरी ताडकन उठली. बाहेर घारींची जत्रा भरली होती आणि पडद्यावर त्याच जागी एक ठिपका नव्हता! आणि ती मोकळी जागा तरी कशी? कलिंगडाची फोड कापून काढावी तशी! दोन्ही कडा सरळ, पट्टीनं आखल्यासारख्या!

"पक्षी काय रेघ आखून उडतात?" वकील कुजबुजला.

"रडारला दिसत नाहीये असं नाही," भिंगरीचे कान तापले होते. "त्याच्या डोळ्यावर कुणीतरी पट्टी बांधलीय!"

"आरोप गंभीर आहे. पुरावा लागेल."

"मग काढू की पुरावा! ताईची दुर्बीण घे आणि गच्चीवर जा!"

वकील गच्चीवर, भिंगरी पडद्यासमोर आणि दोघांच्या मध्ये जिन्यात शेपूट. वकीलानं वरून ओरडायचं, शेपूटनं खाली तस्संच ओरडायचं. कचऱ्याची गाडी डोंगराकडे निघाली. हे रोजचंच होतं. गाडीचा आवाज आला की तळ्याकाठच्या झाडांवरच्या घारी उठायच्या आणि गाडीमागं जायच्या.

"उठल्या!" शेपूट जिन्यातून किंचाळली.

पडद्यावर तळ्याजवळ हिरवे ठिपके हलले.

"डोंगराकडं निघाल्या! पहिली पोचली! दुसरी पोचली!"

भिंगरी श्वास रोखून बघत होती. पहिला ठिपका सरकत सरकत त्या सरळ कडेपर्यंत आला आणि नाहीसा झाला! दुसरा आला, तोही गेला! एकामागून एक ठिपके येत होते आणि फोड त्यांना गिळत होती!

"आता किती आहेत वर?" ती ओरडली.

थोड्या वेळानं शेपूट धापा टाकत खाली आली. "दादा म्हणतो, आभाळ भरलंय!"

पडद्यावर शून्य.

---

"पण ड्रोन कुणाचं?" कचऱ्याच्या डोंगराकडे जाताना वकील नाक दाबून बोलत होता. "ते नसेल तर इस्त्रीसाहेब म्हणणार, पट्टी होती, पण मागं काहीच नव्हतं!" इस्त्रीसाहेब हे नाव त्यानंच ठेवलं होतं. साहेबांच्या कपड्यांना सुरकुती पडायची नाही आणि चेहऱ्याला लाज शिवायची नाही.

डोंगराच्या पायथ्याशी, टोपी घातलेला एक माणूस हातात रिमोटचं डबडं धरून आकाशाकडं बघत उभा होता. वर चार पंख्यांचं यंत्र गुणगुणत होतं!

भिंगरी पुढं झेपावणार, तेवढ्यात वकीलानं तिची वेणी धरली. "थांब! भांडलीस तर तो गप्प बसेल. मला बोलू दे." आणि तो गोड हसत पुढं गेला. "दादा, भारीच आहे हो! खेळणं का?"

"खेळणं?" माणूस दुखावला. "मोजणी चाललीय! या कचऱ्याचं घनफळ काढतोय मी!"

"असं होय! पण लहान ड्रोन फार उंच जात नाहीत म्हणे."

"कोण म्हणतं?"

"हा म्हणतो," भिंगरी वकीलाकडं बोट दाखवून म्हणाली. "हेलिकॉप्टरच्या उंचीला जाऊच शकत नाही म्हणे!"

मोजणीवाला छाती फुगवून हसला. "हेलिकॉप्टर? अरे, मागच्या आठवड्यात एका हेलिकॉप्टरची तंतरली होती माझ्यापुढं! असं वळलं, असं वळलं..." हातानं वळण दाखवता दाखवता त्याला आपण काय बोलतोय ते उमगलं. हात हवेतच राहिला. "म्हणजे... घाबरलो मीपण. लगेच खाली घेतलं."

"आणि रडार ओरडलं नाही?" भिंगरीनं लगेच विचारलं.

"कसं ओरडेल? काम तुमच्या त्या केंद्रानंच दिलंय ना! पहिल्या दिवशी भोंग्यानं नुसता उच्छाद मांडला. साहेबांच्या मीटिंगा चालल्या होत्या. मग मला निरोप आला, बिनधास्त उडवा, या बाजूचं रडारवरून काढून टाकलंय. हेलिकॉप्टर येणार असेल तेव्हा सांगू, म्हणाले होते." त्यानं मान खाजवली. "कुणी सांगितलं नाही, बुवा. त्या दिवशी मी साहेबांना फोन केला. ते म्हणाले, कुठं बोलू नका. मला काय करायचंय? उद्या शेंडा मोजला की माझं काम संपलं."

"दादा, उद्या हे सगळ्यांसमोर सांगाल?"

"मी? नाव नको माझं! चला, निघा इथून!" त्यानं टोपी कपाळावर ओढली.

---

"उद्यापर्यंत तोंड शिवून बसायचं!" परतताना वकीलानं बजावलं. "आत्ता सांगितलं तर इस्त्रीसाहेब पट्टी सोडणार, फोड भरणार आणि आपण खोटे पडणार. उद्या चौकशी करायला बाई येणार आहेत, त्यांच्यासमोर पडदा दाखवायचा. थेट!"

भिंगरीला ते पटलं होतं. घरी पोचून तिनं ताईला सगळं एका दमात सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "फक्त आजचा दिवस कळ काढ, ताई! उद्या त्यांची चांगली जिरवू!"

ताईनं हेल्मेट खाली ठेवलं. कितीतरी दिवसांनी तिच्या डोळ्यांत चमक आली होती. पण तिनं चपला पायात सरकवल्या.

"कुठं चाललीस?"

"साहेबांकडं. आत्ता."

"वेडी आहेस का? पुरावा जाईल! तुझा परवाना जाईल!"

"भिंगरे," ताई दारात थांबली. "माझ्या जागी आता दुसरा पायलट उडतोय. उद्या सकाळी तो पेशंट आणायला जाणार आहे. वारा असाच राहिला तर त्याला कचऱ्याच्या डोंगरावरूनच उतरावं लागेल. मी पुरावा जपत बसू आणि त्याच्या काचेसमोर ते यंत्र येऊ दे?"

भिंगरीनंही चपला घातल्या.

साहेब खुर्चीत बसले होते. मागं मोठी खिडकी, खिडकीत कचऱ्याचा डोंगर, डोंगरावर घारी. ताईनं सगळं सांगितलं. साहेबांनी मान खाली घालून बाहीवरचा अदृश्य धुरळा झटकला.

"चौकशीच्या आदल्या दिवशी बरं सुचलं तुम्हाला! आणि साक्षीदार कोण? ही चिल्लीपिल्ली?"

"साहेब, फक्त मागं वळून बघा!" भिंगरी कळवळून म्हणाली. "खिडकीतून बघा आणि मग पडदा बघा!"

"मला मुलांनी काम शिकवायची वेळ आलेली नाही. बाहेर!"

पट्टी सोडली तर ती होती हे कबूल करावं लागणार! म्हणून त्यांनी ती तशीच ठेवली. ताईनं दुसऱ्या पायलटला घरी गाठून सांगितलं, "डोंगराच्या बाजूनं डोळ्यात तेल घालून ये. काही वाटलं तर उतरू नकोस." तिच्या हातात तेवढंच होतं.

---

चौकशी साहेबांनी मुद्दाम हॉलमध्येच ठेवली. मागं रडारचा पडदा चमकायला हवा ना! चौकशीच्या बाई खुर्चीत बसल्या होत्या. पिकलेले केस, गळ्यात दोरीला लटकलेला चष्मा. ताई समोर उभी होती. भिंगरी आणि वकील पाण्याचे ग्लास ठेवायच्या निमित्तानं आत घुसले होते आणि एकेक ग्लास इतका सावकाश ठेवत होते की पाणी संपतच नव्हतं. शेपूट दुर्बीण घेऊन गच्चीवर होती.

"हे यंत्र चुकत नाही, मॅडम," साहेब पडद्याकडं हात पसरून म्हणाले. "चिमणीसुद्धा सुटत नाही! आत्ताच बघा. डोंगराची बाजू अगदी स्वच्छ! त्या दिवशीही अशीच..."

"उडालं!" जिन्यातून शेपूट वादळासारखी आत आली. "ड्रोन उडालं! आणि तिकडून हेलिकॉप्टर येतंय! आपलं लाल हेलिकॉप्टर!"

"या पोरांना कुणी आत घेतलं?" साहेब गरजले.

भिंगरीनं ग्लास दाणकन टेबलावर आपटला. पाणी साहेबांच्या इस्त्रीवर उडालं. "बाई, खिडकीतून बघा! आधी खिडकी, मग पडदा! फक्त तेवढंच करा!"

बाई उठल्या. चष्मा डोळ्यांवर चढवून त्या खिडकीशी गेल्या. डोंगरावर घारी होत्या आणि घारींच्या वर एक काळा ठिपका ठाण मांडून बसला होता. त्यांनी वळून पडद्याकडं पाहिलं.

स्वच्छ!

"हे काय आहे?" त्या इतक्या हळू म्हणाल्या की सगळ्यांना ऐकू आलं.

"ऑपरेटर काका!" भिंगरी काचेवर दोन्ही हातांनी बडवत होती. "पट्टी सोडा! सोडा ना! त्या हेलिकॉप्टरमध्ये माणसं आहेत!"

काकांनी साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी डोळे वटारले. मग काकांनी खिडकीबाहेर पाहिलं, तिथं लाल हेलिकॉप्टर मोठं मोठं होत होतं.

"मरू दे ती नोकरी!" काका पुटपुटले आणि त्यांनी कळ दाबली.

कापलेली फोड एकदम भरली! हिरवे, हिरवे, सगळीकडं हिरवे ठिपके आणि त्यांच्या मधोमध एक लालभडक! भोंग्यानं हॉल दणाणून सोडला. ताई तोवर काचेच्या खोलीत शिरली होती. तिनं वायरलेसचा माईक उचलला.

"तुम्हाला अधिकार नाही!" साहेब ओरडले. "तुम्ही निलंबित आहात!"

"तोही आरोप लावा!" ताई म्हणाली आणि माईकमध्ये तिचा आवाज अगदी शांत झाला. "उतरू नकोस. ड्रोन आहे, तुझ्या नाकासमोर, डोंगराच्या शेंड्यावर. डावीकडं वळ. तळ्याकडं जा. मी सांगेपर्यंत तिथंच थांब."

लाल हेलिकॉप्टर कलंडलं आणि डौलात तळ्याकडं वळलं. वकील केव्हाच डोंगराच्या दिशेनं सुसाट सुटला होता. काही वेळानं पडद्यावरचा लाल ठिपका विझला. मग ताईनं दुसऱ्या पायलटला खाली उतरवलं. स्ट्रेचरवरून एका आजोबांना आत नेलं. आजोबा नर्सला विचारत होते, "एवढी चक्कर का मारली हो?"

वकील परत आला तो मोजणीवाल्याला हाताला धरून. त्याच्या टोपीचा पत्ता नव्हता. "सांगतो, सगळं सांगतो," तो धापा टाकत म्हणाला. "त्या दिवसाचं चित्रणपण आहे माझ्याकडं. ताईंची काही चूक नव्हती हो!"

बाईंनी ते चित्रण तिथंच उभ्यानं पाहिलं. मग टेबलावरचा बिल्ला उचलून त्यांनी स्वतः ताईच्या शर्टाला लावला. तोच शर्ट, जो भिंगरीच्या शिव्या खात दाराला लटकला होता.

"शाबास, पोरांनो!" बाई म्हणाल्या. "आज तुम्ही माणसं वाचवलीत. आम्ही पडद्याकडं बघत राहिलो आणि तुम्ही आकाशाकडं पाहिलंत!"

दुसरा पायलट हेल्मेट काखेत मारून आत आला आणि त्यानं शेपूटला उचलून खांद्यावरच घेतलं. "सांग, काय हवं तुला?"

"मी हेलिकॉप्टर होते!" शेपूट म्हणाली. यावेळी तिला कुणी नाही म्हटलं नाही.

साहेबही सावरले. ओल्या बाहीनं टाळ्या वाजवत पुढं आले. "वा, वा! आमच्या केंद्राचीच मुलं ही! कौतुक करावं तेवढं थोडं! तात्पुरती व्यवस्था होती हो ती, नजरचुकीनं राहून गेली..."

त्यांनी भिंगरीच्या डोक्यावर ठेवायला हात पुढं केला. ती मागं सरली. आता समोर रिकामा शर्ट नव्हता आणि आवाज चढवायची गरजही नव्हती.

"नजरचूक मागच्या आठवड्यात झाली असेल, साहेब. काल नाही. काल माझी ताई तुमच्या दारात आली होती. स्वतःचा परवाना पणाला लावून, या पायलटदादासाठी आली होती. मी सांगितलं होतं, मागं वळून बघा. खिडकी तुमच्या पाठीशीच होती. नुसती मान वळवायची होती!"

बाईंनी चष्मा काढला आणि त्या साहेबांकडं बघत राहिल्या.

"शाबासकी नको मला," भिंगरी म्हणाली. "का नाही वळवलीत, ते सांगा. सगळ्यांसमोर सांगा. आम्ही थांबलोय."